सोलापूरचे विणकर आणि पुण्याची मोजणी

कोष्ट्याचा माग मोडला, ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. लोकहितवादींनीं शतपत्रांतून विलायती मालाविषयीं आपल्या लोकांना सावध केलें. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत परदेशी मालामुळें साळ्याकोष्ट्यांच्या पोटावर आलेला पाय दाखविला. सार्वजनिक काका जाड्याभरड्या खादीचा पोशाख करून १८७७ च्या दिल्लीदरबारास गेले. आणि न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरवून, कारागिरांचा देश पुन्हां नुसत्या शेतीवर येऊन पडत आहे, अशी तक्रार आंकड्यांनिशीं मांडली. चार पुरुष चार प्रकृतींचे. परंतु या एका बाबतींत त्यांचा सूर जुळतो. पुढें ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत शिरली, व्याख्यानांत शिरली, आणि घरोघर मुलांना ती पाठ झाली. गोष्ट खोटी नव्हती. मात्र फार वेळां सांगितलेल्या गोष्टीला एक खोड लागते: ती ऐकणारा पुढें प्रश्न विचारीत नाहीं. कोणता कोष्टी? कोणतें कापड? कोणत्या सालीं? आणि ज्याचा माग मोडला नाहीं, तो कशाच्या बळावर तगला? हे प्रश्न विचारण्याचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, त्यांच्याविषयीं आणि त्यांनीं ज्यांना विचारलें त्या सोलापूरच्या लोकांविषयीं येथें लिहिण्याचा आमचा विचार आहे.

सरकारी चौकशी त्यापूर्वींच चालू होती, हें खरें. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखालीं मुंबई इलाख्याचें गॅझेटियर तयार झालें; त्यांतील सोलापूरचा खंड १८८४ चा व पुण्याचा १८८५ चा. त्यानंतरच्या पंधरावीस वर्षांत इलाख्यांतील एकेका कसबावर एकेक छोटें पुस्तक गोऱ्या अधिकाऱ्यांकडून लिहविण्यांत आलें: रंगकाम, लोंकरी कापड, हस्तिदंत, लांकडावरील कोरीवकाम, सोन्याचांदीचे जिन्नस. सुती कापडावरील एन्थोवेन यांचें पुस्तक १८९७ सालीं निघालें आणि रेशमी कापडावरील एडवर्ड्स यांचें १९०० सालीं. आज हीं पुस्तकें चाळतांना त्यांच्या कर्त्यांच्या मेहनतीचें कौतुक वाटतें. कांठांचीं नांवें, रंगांच्या कृती, कापडाची लांबीरुंदी, सारें टिपलेलें आहे. परंतु लेखकाची नजर कापडावर आहे. प्रदर्शनांतील कांचेच्या कपाटापुढें उभा राहिलेला मनुष्य जसा जिन्नस निरखतो आणि तो करणारा कोठें राहतो हें विचारीत नाहीं, तसें या पुस्तकांचें झालें आहे. लुगडें कसें दिसतें तें कळतें. तें विणणारा सकाळीं काय खातो तें कळत नाहीं.

माणसांची चौकशी प्रथम खेड्यांत सुरू झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला आणि बलुत्याअलुत्यांचा संसार मराठींत इतक्या बारकाईनें मांडणारें तें पहिलें मोठें पुस्तक ठरलें. दोनच वर्षांनीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. घराघरांत जाऊन जमीन किती, तुकडे किती, कर्ज किती, याची त्यांनीं नोंद केली. (त्या पिंपळे सौदागरांत आज शेत शोधावें लागेल इतक्या उंच इमारती उठल्या आहेत.) पुढें १९२१ सालीं कानिटकरांच्या साह्यानें त्यांनीं जातेगांव बुद्रुकचा तसाच अभ्यास केला. शहरांतील कारागीर मात्र अजून मोजला जावयाचा होता.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचें नांव येथें येतें. त्यांचा जन्म १९०१ सालीं नाशिकास झाला. केंब्रिजला लिहिलेला त्यांचा हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील प्रबंध १९२४ सालीं छापला गेला, तेव्हां ते अवघे तेवीस वर्षांचे होते. देशी कसबांच्या ऱ्हासाचीं तीन मुख्य कारणें त्यांनीं त्यांत दाखविलीं: राजदरबार बुडाले, परकी राज्याबरोबर आवडीनिवडीहि बदलल्या, आणि यंत्राच्या मालाची स्पर्धा आली. यांतलें तिसरें कारण सर्वांच्या तोंडीं होतें. पहिल्या दोहोंनीं जुन्या कथेला थोडा धक्का बसला. मँचेस्टरचें कापड ज्या गांवीं पुरतें पोंचलेंहि नव्हतें, त्या गांवचें तलम काम दरबार मोडतांच बसलें होतें. आणि गिऱ्हाइकानें पाठ फिरविली त्यांत आमच्या पदवीधरांचाहि वांटा होता, कारण कोट आणि बूट यांच्याबरोबर कोणता जिन्नस घरांत यावा व कोणता जावा हें तेच ठरवीत होते. सुशिक्षितांच्या बैठकींत हें दुसरें कारण कमी बोललें जातें, तें कां हें सांगावयास नको.

१९३० सालीं रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगींतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. नांव राज्यशास्त्राचें व अर्थशास्त्राचें; परंतु संस्थेनें सबंध जगाच्या अर्थशास्त्रावर प्रवचनें न करतां आपल्या आसपासचा मुलूख हातीं घेतला. वाई तालुक्यांतील शेतीचा हिशेब १९४० सालीं निघाला. पुणें शहराच्या पाहणीचा आर्थिक भाग १९४५ सालीं आणि सामाजिक भाग १९५२ सालीं. पुण्याची पुन्हां पाहणी करून सोवनी, आपटे व पेंडसे यांनीं १९५६ सालीं नवें पुस्तक काढलें. एकच शहर दोनदां मोजणें हें काम फार कमी लोकांना सुचतें, आणि सुचलें तरी त्याला लागणारी चिकाटी त्याहून कमी लोकांजवळ असते.

कारागिरांपुरतें पहावयाचें तर एन्. एम्. जोशी यांचें मुंबई इलाख्यांतील दख्खनच्या शहरी हस्तव्यवसायांवरील पुस्तक १९३६ सालीं निघालें. या विषयांत शिरतांच पहिली गोष्ट ध्यानीं येते ती ही, कीं सारे धंदे एकाच रोगानें आजारी पडले नव्हते आणि कांहीं तर आजारी नव्हतेच. जुन्नरचा हातकागद पहा. एके काळीं दप्तरें त्यावर लिहिलीं जात. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि वहीखात्यांपुरती मागणी काय ती उरली. त्याच्या उलट पुण्याच्या कसब्यांतील तांबट. विलायतेंतून तांब्यापितळेचा तयार पत्रा येऊं लागल्यावर धातु गाळून ठोकून पत्रा करण्याचे श्रम वांचले. आगगाडीनें बाजार लांबवर पसरला. आणि घागर, हंडा, बंब यांचें काम मागच्या पिढीपेक्षां वाढलें. म्हणजे ज्या जहाजानें कोष्ट्याला मारलें म्हणतात, त्याच जहाजानें तांबटाचा कच्चा माल आणला! पुढें अॅल्युमिनियम आलें, दाबयंत्रें आलीं, आणि त्याचेहि दिवस फिरले. पण तें वेगळ्या कारणानें आणि वेगळ्या काळीं. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं माळ्यावर एखादी जुनी घागर असेल. तिच्या पोटावरचे हातोडीचे ठोके पाहिले तर ती प्राचीन वाटते. पण तिचा पत्रा विलायती निघण्याचा संभव बराच आहे.

आतां सोलापूर.

आगगाडी सोलापुरास १८६० च्या सुमारास आली; पहिली कापडगिरणी, जिला सोलापूरकर पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले, ती १८७७ सालीं सुरू झाली. तें वर्ष मोठ्या दुष्काळाचें होतें, हें विसरूं नये. साळी, कोष्टी, मोमीन हे विणकर तेथें होतेच. त्यांत तेलंगणांतून पद्मशाली कुटुंबें येऊं लागलीं आणि पाहतां पाहतां शहराचा पूर्व भाग तेलुगुभाषी झाला. १९०१ सालीं पाऊण लाखाच्या घरांत असलेली वस्ती १९४१ सालीं दोन लाखांच्या वर गेली. जुन्या कथेप्रमाणें पाहिलें तर गिरणीच्या धुराड्याखालीं हातमाग टिकावयास नको होता. तो टिकला, इतकेंच नव्हे तर वाढला. आणि धुराड्याखालींच वाढला. याचा उलगडा त्या चौकशीनें केला.

पहिलें कारण सुताचें. हाताचें सूत केव्हांच गेलें होतें. हातमागावर गिरणीचेंच सूत चढे. म्हणजे गिरणी ही विणकराची वैरीण आणि अन्नदात्री दोन्ही होती: तिनें कापड विणलें कीं त्याची पंचाईत, सूत विकलें कीं त्याची सोय. दुसरें कारण बायकांच्या लुगड्याचें. धोतर, लांबी, मांजरपाट हा साधा माल गिरणीनें बळकावला. पण रुंद कांठाचें, घट्ट विणीचें, पदराला वेगळा ताणा जोडलेलें नऊवारी लुगडें थोड्या थोड्या संख्येनें आणि शंभर तऱ्हांनीं काढणें गिरणीला परवडत नसे. दक्खनच्या खेड्यांतील बाई कांठ आणि रंग यांविषयीं जी हट्टी होती, त्या हट्टानें सोलापूरचे माग चालत ठेवले, असें आम्ही म्हणूं; व्याख्यानांनीं ठेवले असें म्हणवत नाहीं. तिसरें कारण हत्यारांचें. दोरी ओढतांच आपोआप धांवणारा धोटा सोलापूरकरांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून उचलला, कांठाची नक्षी उठविणारी जोडणी मागावर बसविली, आणि एका दिवसांत पूर्वीपेक्षां बरेंच अधिक कापड निघूं लागलें. कारागीर जुन्याला चिकटून बसतो, हा सुशिक्षितांचा आवडता समज येथें साफ पडला.

१९३२ सालीं तेलंग यांचा हातमागावरील सरकारी अहवाल आला. १९४२ सालीं पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सगळ्या हिंदुस्थानच्या हातमागांची व गिरण्यांची माहिती गोळा केली. परंतु सोलापूरच्या विणकर समाजांची खरी घरगुती चौकशी गोखले संस्थेच्या आर. जी. काकडे यांनीं केली, आणि तें पुस्तक १९४७ सालीं बाहेर आलें. साल लक्षांत घेण्यासारखें आहे. सारा देश झेंड्याकडे पाहत असतां एक मनुष्य सोलापूरच्या बोळांतून विचारीत हिंडल्याचा हिशेब छापीत होता: माग कोणाचा? सूत कोणाचें? विणलेलें लुगडें कोण नेतो? उचल किती झाली?

या प्रश्नांचीं उत्तरें जुन्या कथेला फार जड जाणारीं आहेत. आपल्या मनांतला कोष्टी स्वतंत्र असतो. स्वतःच्या घरीं, स्वतःच्या मागावर, स्वतःच्या मर्जीनें विणतो. सोलापुरांत तसा विणकर होता, पण त्याचें पाऊल मागें पडत होतें. पुढें येत होता तो कारखानदार. बहुधा विणकराच्याच जातीचा, त्याचीच भाषा बोलणारा, कालपरवांपर्यंत स्वतः धोटा फेंकणारा. तो सूत आणी, माग मांडी, नगावर मजुरी देई, आणि लग्नकार्याला अगर आजारपणाला उचल देई. उचल घेतलेल्या विणकराला दुसऱ्याच्या मागावर बसतां येत नसे. लग्नसराईंत कामाची घाई; पावसाळा लागला कीं खळ लावलेला ताणा वाळत नाहीं, मागणीहि मंदावते, आणि उचल वाढते. ताणा पसरून खळ देण्याचें काम पहाटे रस्त्यांतच चाले, कारण तेवढी लांब जागा घरांत कोणाजवळ असणार?

तेव्हां धंदा जगला, परंतु धंदेवाला जगला कीं नाहीं हा प्रश्न निराळा. स्वदेशीचें पातळ घेणाऱ्या पुण्याच्या गृहिणीचा रुपया सोलापुरास पोंचत होता, यांत शंका नाहीं. त्यांतील किती आणे मागावर बसलेल्याच्या हातीं पडत होते, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. देशी मालाचा आग्रह धरणाऱ्यांना हा प्रश्न आवडत नसे. गिरणीमालकाविषयीं बोलावें, परदेशी व्यापाऱ्याविषयीं बोलावें. आपल्यांतल्याच एका कारखानदाराविषयीं बोललें कीं फूट पडते, असा एक विचार त्या काळीं होता आणि तो सबंध अप्रामाणिक होता असें आम्हांस वाटत नाहीं. पण अर्थशास्त्रज्ञानें तो पाळावयाचा नसतो. काकडे यांनीं पाळला नाहीं, आणि हें त्यांच्या पुस्तकाचें आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठें मोल आहे.

या चौकशांत उणीवा नाहींत असें नाहीं. पहिली भाषेची. विणकर तेलुगु बोलत, शहर मराठी बोलत होतें, आणि अहवाल इंग्रजींत छापला गेला. ज्यांच्या घरांतील भांडींकुंडीं व कर्जें मोजलीं गेलीं त्यांना आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें वाचण्याची सोय नव्हती. ‘गांवगाड्या’नें मराठींत लिहून जो पायंडा पाडला होता तो संशोधकांनीं पुढें चालविला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. दुसरी उणीव कसबाची. मजुरी किती, तास किती, भाडें किती, हें सारें मिळतें. पण नवा कांठ कोणाच्या डोक्यांतून निघाला, तो किती सुतांवर बसवावयाचा हें कोणीं मोजलें, गिऱ्हाइकाची आवड व्यापाऱ्याकडून मागापर्यंत कशी आली, याचें उत्तर अशा तक्त्यांत सांपडत नाहीं. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं कांठ पाहिला व माणूस सोडला. आमच्या अर्थशास्त्रज्ञांनीं माणूस पाहिला व कांठ सोडला. दोन्ही एकत्र पाहणारा अजून यावयाचा होता.

तिसरी उणीव एकट्या पुण्याच्या संस्थेची नव्हे. ती सगळ्या मोजणीची आहे. एक विणकर मागावर बसावयाचा तर त्याच्यासाठीं कांड्या भराव्या लागतात, सूत उकलावें लागतें, तुटलेला धागा सांधावा लागतो. हें काम बायको, आई, मुली करीत. नगाची मजुरी पुरुषाच्या हातीं पडे; तींत बायकोचा रहाट फिरलेला असे, पण तिचा आंकडा वेगळा होत नसे. शिरगणतीच्या नोंदणीदारानें तिला कधीं कामकरी म्हणून लिहावें, कधीं घरांतली म्हणून सोडावें. याचा परिणाम पुढें मोठा झाला. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांवरून हिंदुस्थानचे कारागीर खरोखर शेतीकडे ढकलले गेले कीं नाहीं, याचा निवाडा करण्यासाठीं डॅनियल व अॅलिस थॉर्नर यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत ते आंकडे तपासले, तेव्हां बायकांचे आंकडे विश्वासार्ह नाहींत म्हणून बाजूस ठेवणें त्यांना भाग पडलें. त्यांचा निष्कर्ष जुन्या कथेला प्रतिकूल होता आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. आम्हांस वादापेक्षां ती वगळणी अधिक बोचते. निम्म्या कारागिरांना बाजूला ठेवून कारागिरी वाढली कीं घटली हें ठरविण्याची पाळी यावी, याचा दोष थॉर्नरांचा नाहीं. रहाटाजवळ बसलेलीला ज्यांनीं पन्नास वर्षें नीट लिहिलें नाहीं त्यांचा आहे.

अलीकडच्या संशोधकांनीं ही दिशा पुढें नेली आहे. तीर्थंकर रॉय यांनीं १९९३ व १९९९ सालच्या पुस्तकांत, देशी कारागिरी मेली नसून बदलली, हें मत जोरानें मांडलें. डग्लस हेन्स यांनीं २०१२ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील लहान शहरांचा व तेथील विणकरांचा इतिहास लिहिला, आणि सोलापूर, मालेगांव, भिवंडी, इचलकरंजी हीं नांवें केंब्रिजच्या छापखान्यांतून निघालीं. त्यांत इचलकरंजीचा मान वेगळा. तेथें नारायणराव घोरपडे यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग चालूं झाला. त्या एका मागाच्या मागोमाग सबंध गांव गेलें.

सोलापूरहि त्याच वाटेनें गेलें. जुनी गिरणी १९४९ सालीं बंद पडली. जानेवारी १९५० मध्यें सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला, आणि एका भागधारकानें त्याविरुद्ध केलेला अर्ज नव्या सर्वोच्च न्यायालयापुढील पहिल्या मोठ्या घटनात्मक दाव्यांपैकीं एक ठरला. पांचवारी गोल पातळें रूढ झालीं तशी नऊवारीची मागणी उतरली. पूर्व भागांतील मागांना वीज लागली. लुगड्यांची जागा चादरीनें आणि टॉवेलानें घेतली. १९६५ सालीं गाडगिळांनीं सोलापूर शहरावरील अभ्यास प्रसिद्ध केले, तेव्हां काकडे यांनीं पाहिलेलें शहर पालटत चाललें होतें. पुढें १९९९ च्या भौगोलिक चिन्हांविषयींच्या कायद्याखालीं सोलापुरी चादरीची नोंद झाली आणि शहराच्या नांवाला कायद्याचें कुंपण मिळालें.

बायकांचें मात्र निराळेंच झालें. विजेच्या मागावरहि कांड्या लागतात आणि त्या भरणाऱ्या बहुधा बायकाच. पण पद्मशाली घरांतील हजारो बायका विड्यांच्या कामाला लागल्या. मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीचें पान कातरून, हजार विड्यांवर मजुरी. काम कष्टाचें, छातीला वाईट, आणि पैसा थोडा. तरी १९६६ व १९७६ सालच्या विडीकामगारांविषयींच्या कायद्यांनीं घरीं बसून विड्या वळणाऱ्या बाईलाहि कामकरी मानलें, आणि तिच्या स्वतःच्या नांवाचें ओळखपत्र तिच्या हातीं आलें. तिची आजी जन्मभर मागाजवळ रहाट फिरवीत होती. तिचें नांव कोणत्याहि वहींत चढलें नव्हतें.